डॉक्टर व्हायचंय? मग सुट्टीत काय कराल?

दोस्तांनो, दहावीचा शेवटचा पेपर संपला की काय काय करायचं, याची यादी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केव्हाच करून ठेवली असेल. हो ना? गावाला जायचं, आंबे हाणायचे, सोसायटीच्या आवारात वॉचमनकाका ओरडेपर्यंत क्रिकेट खेळायचं! पण ज्यांनी घरात एकदा जरी ‘मला डॉक्टर व्हायचंय’ असं म्हटलंय, त्यांची यादी बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी तयार केलेली असते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड... कुठल्याही स्टेशनच्या बाहेर पडा, क्लासच्या फलकांवरून गेल्या वर्षीची यशस्वी मुलं तुमच्याकडे बघून हसत असतात. पेपर संपून आठवडा होतो न होतो तोच ‘ब्रिज कोर्स’ सुरू. आणि त्यानंतरची दोन वर्षं सुट्टी हा शब्द कानावर पडला तरी चोरी केल्यासारखं वाटतं.

या सुट्टीबद्दलच आज बोलू या. आई-बाबांनाही शेजारी बसवून वाचलंत तरी चालेल. त्यांच्यासाठीही यात थोडं आहे.

आधी एक गंमत पाहा. तुमच्यापैकी कुणाची तरी आतेबहीण नाहीतर मावसभाऊ अमेरिकेत असेल. तिलाही समजा डॉक्टर व्हायचंय. तिकडे शाळेतून थेट मेडिकलला जाण्याची सर्वसाधारण पद्धत नाही. आधी चार वर्षांचं कॉलेज, मग मेडिकलसाठी अर्ज. एक मोठी परीक्षा तिकडेही असते, पण तेवढ्यावर भागत नाही. अर्ज करणाऱ्याने उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत काय केलं, हेही विचारतात. कुणी इस्पितळात स्वयंसेवक होतं, कुणी एखाद्या डॉक्टरांच्या मागे मागे दिवसभर फिरून त्यांचं काम बघतं, कुणी प्रयोगशाळेत राबतं. मग अर्जात निबंध लिहायचा, मुलाखतीला जायचं आणि सांगायचं की मी हे हे पाहिलं आणि म्हणून मला डॉक्टर व्हायचंय.

आता आपल्याकडे या. २०२५ सालची नीट परीक्षा घ्या. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यात जीवशास्त्राचे ९० प्रश्न, भौतिक आणि रसायनशास्त्राचे ४५-४५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा. देशभरातून २२ लाखांहून अधिक मुलं बसली होती आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे साधारण सतरा-अठरा मुलांमागे एक जागा. या सगळ्या कारभारात ‘तुम्ही सुट्टीत काय केलंत?’ असा रकाना कुठेही नाही. निबंध नाही, मुलाखत नाही. तुम्ही आयुष्यात एकदाही आजारी माणसाजवळ बसला नसाल, तरी ७२० पैकी ६५० मिळवून डॉक्टरकीला जाऊ शकता.

(ज्यांचे आई-बाबा १९९० च्या दशकात बारावी झाले, त्यांनी त्यांना विचारून पाहावं. तेव्हा बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळायचे. मग सीईटी आली आणि २०१७ पासून आपल्या राज्यातले प्रवेश नीटवरच होतात. परीक्षा बदलत गेल्या, पण त्या रकान्याची कधी कुणाला आठवण झाली नाही!)

आता तुम्ही म्हणाल, ‘मग प्रश्नच मिटला! कुणी विचारणारच नसेल तर सुट्टीतही क्लासलाच गेलेलं बरं.’ थांबा, थांबा. कुणी विचारत नाही म्हणूनच तर पंचाईत आहे. हिशेब करू. अकरावी-बारावीची दोन वर्षं. मग एमबीबीएसची साडेचार, त्यावर सक्तीची एक वर्षाची इंटर्नशिप. पुढे एमडी-एमएस करायचं तर पुन्हा प्रवेश परीक्षा आणि आणखी तीन वर्षं. तुम्ही आज सोळाचे असाल, तर एकही वर्ष वाया न जाता हे सगळं संपेपर्यंत सत्ताविशी येते. एवढ्या लांबच्या गाडीत बसण्याआधी ती कुठे जाते, हे कुणीतरी विचारायला नको का? तिकडे ते कॉलेजवाले विचारतात. इकडे ते तुमचं तुम्हालाच विचारावं लागतं, आणि त्यासाठी दहावीनंतरचे हे दोन-अडीच महिने सगळ्यात सोयीचे.

सुट्टीतून मेडिकलच्या दारात गेलेली आपल्या ओळखीची एक मुलगी आहे. मुलुंडला लोकलमध्ये बसलात तर पाऊण तासाच्या आत कल्याण येतं. त्या कल्याणला वाढलेल्या आनंदीबाई जोशी. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांचं बाळ अवघ्या दहा दिवसांचं होऊन गेलं. वैद्यकी शिकायचं त्यांनी ठरवलं, त्यामागे हे दुःख होतं. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या आणि तो सगळा उन्हाळा न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. वय वर्षं १८. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिलं. त्यात आपलं शिक्षण किती झालंय हे सांगितलं, पण भर दिला तो कशासाठी शिकायचंय यावर. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, असा त्या पत्राचा आशय होता. कॉलेजने त्यांना घेतलं. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, बाविसावं वर्षही पुरं व्हायच्या आत, क्षयाने त्या गेल्या. ती हळहळ अजून आहे.

आज तुमचं असं पत्र वाचायला कुणी बसलेलं नाही, हे खरं. पण लिहून तर पाहा! ‘मला डॉक्टर का व्हायचंय?’ वहीचं एक पान. ‘समाजसेवा’ आणि ‘लहानपणापासूनचं स्वप्न’ हे दोन शब्दप्रयोग वापरायचे नाहीत, एवढीच अट. बऱ्याच जणांची लेखणी तिसऱ्या ओळीला अडते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपण अजून पाहिलंच काय आहे? मग पाहायला सुरुवात कुठून करायची? घरापासून.

घरात आजी-आजोबा असतील, तर एखादी फुगलेली प्लास्टिकची फाईल कपाटात असणारच. साखर, रक्तदाब, गुडघे, मोतीबिंदू! सुट्टीपुरती त्या फाईलची जबाबदारी तुम्ही घ्या. कागद तारखेप्रमाणे लावा. कुठली गोळी कशासाठी, जेवणाआधी की नंतर, हे आजोबांना विचारून एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो फ्रिजवर चिकटवा. (लिहायचं फक्त. गोळी बदलायची, कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनीच, बरं का!) मग त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा. घाटकोपरचं राजावाडी असो, मुलुंडचं अगरवाल, बोरिवलीचं भगवती की विलेपार्ल्याचं कूपर, पालिकेच्या इस्पितळात जायचं असेल तर सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे रांगेत तुम्ही उभे राहा, आजोबांना बाकावर बसवा. कूपरला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. कोण जाणे, आणखी तीन वर्षांनी तुम्ही त्याच आवारात पांढरा कोट घालून धावत असाल! पण आत्ता तुम्ही रांगेत आहात, आणि रांगेतून जे दिसतं ते कोट घातल्यावर पुन्हा तसं दिसत नाही. साडेअकरा वाजले की डॉक्टरांच्या टेबलाभोवतीची गर्दी बघा. एका पेशंटला किती मिनिटं मिळतात, ती मोजा. सिस्टर एकाच वेळी किती जणांना उत्तरं देतायत? वॉर्डातल्या मावशी आणि मामा नसतील तर काय होईल? ज्या गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मुंबईला पाठवलंय, त्या गावचा माणूस कुठे झोपतो, काय खातो? हे कुठल्याच क्लासच्या नोट्समध्ये नसतं.

दुसरी जागा म्हणजे तुमचे फॅमिली डॉक्टर. आई-बाबांना बरोबर घेऊन जा आणि सरळ विचारा, ‘डॉक्टरकाका, आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी मी बाहेर कंपाउंडरकाकांपाशी बसू का?’ पेशंटला तपासताना आत बसवायचं की नाही हे डॉक्टरांनी आणि त्या पेशंटने ठरवायचं, तुम्ही नाही. कुणी ‘नको’ म्हटलं तर हसून बाहेर यायचं. मोबाइल बंद, फोटो तर नाहीच नाही. आणि दवाखान्यात ऐकलेलं घरी आईलासुद्धा सांगायचं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना काय झालंय, हे सोसायटीला तुमच्याकडून कळलं, तर तुमची डॉक्टरकी तिथेच संपली म्हणून समजा!

बसून करायचं काय? ऐकायचं. एक छोटी वही ठेवा. माणसाचं नाव लिहू नका, त्याने दुखणं कुठल्या शब्दांत सांगितलं ते लिहा. ही एक गोष्ट या सुट्टीत केलीत तरी भरून पावाल, असं मला अगदी मनापासून वाटतं. का, ते सांगतो. इंग्रजी पुस्तकात ‘पेन’ या एका शब्दावर बरंचसं भागतं. आपल्या माणसांचं तसं नाही. डोकं ठणकतं. गळू ठसठसतं. पाठीत चमक येते, नाहीतर सणक भरते. पोटात मुरडा येतो, कळ येते, आग होते, गुबारा धरतो. पायाला रग लागते, मुंग्या येतात. अंगात कणकण असते. आणि एखाद्या आजी नुसतंच म्हणतात, ‘कसंतरीच होतंय हो डॉक्टर!’ यातला प्रत्येक शब्द वेगळा आहे. मुरडा म्हटल्यावर डॉक्टर आतड्याकडे वळतात, छातीत आग म्हटल्यावर पित्ताबद्दल विचारतात, पण हृदयाचं काही नाही ना याचीही खात्री करून घेतात. पाठीतली चमक पायापर्यंत उतरते का, हे विचारलं की त्यांचं लक्ष शिरेवर असतं. ‘कसंतरीच होतंय’ याचा अर्थ लावायला तर उभं आयुष्य लागतं म्हणतात!

त्यात आपण उपनगरातले. घाटकोपर-मुलुंडच्या दवाखान्यात गुजराती काकी ‘गभरामण थाय छे’ म्हणतात, उत्तर प्रदेशातले रिक्षावाले भैया ‘घबराहट’ म्हणतात, कोकणातले आजोबा ‘जीव घाबरतोय’ म्हणतात. तिघांना एकच होतंय का? की एकाला भीती वाटतेय आणि दुसऱ्याच्या हृदयाचे ठोके चुकतायत? नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो, पण एमबीबीएसची पुस्तकं इंग्रजीच असतात. पेशंट मात्र याच तीन-चार भाषांत बोलणार आहेत. दोन महिन्यांत वहीत असे पन्नास शब्द जमले, तरी तो खजिना आहे.

ऐकणं आणि बघणं याने किती मोठं काम होतं, याचं उदाहरण आपल्या कोकणातच आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, मरत होती. नेमकं कशाने मरतात, ते धड ठाऊक नव्हतं. बावस्कर पेशंटच्या उशाशी बसून राहिले, दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. त्यांच्या ध्यानात आलं, की विषाचा तडाखा हृदयाला बसतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. पुढे त्यांनी ‘प्राझोसिन’ हे रक्तदाबाचं औषध देऊन पाहिलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध साप्ताहिकात हे छापून आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सुरुवात झाली ती मात्र खाटेशेजारी बसून टिपणं काढण्याने. त्यांचं ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मचरित्र वाचनालयात मागून वाचा. गरिबीतून शिकलेल्या मुलाची गोष्ट आहे, सुट्टीत हातावेगळी होईल. ज्यांना मुंबईच्या इस्पितळाचं आतलं जग बघायचंय, त्यांनी डॉ. रवी बापटांचं ‘वॉर्ड नं. पाच, के. ई. एम.’ मिळवावं.

टिपणं काढण्याची सवय तुम्हीही लावू शकता. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं टेकवून नाडी मोजायला शिका. अंगठ्याने मोजायची नाही, कारण अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते आणि मग आपलीच आपण मोजत बसतो! मोठ्या माणसाची बसल्या जागी साधारण ६० ते १०० भरते. आता लिफ्ट सोडा, चार मजले पळत चढा आणि पुन्हा मोजा. पूर्वपदावर यायला किती मिनिटं लागली? बाबांना किती? रोज फुटबॉल खेळणाऱ्या मित्राला किती? आठवडाभर हे तक्त्यात भरलंत, तर अकरावीतला रक्ताभिसरणाचा धडा निम्मा झालाच म्हणायचा.

प्रथमोपचार मात्र कुणाकडून तरी रीतसर शिकावा लागतो. सेंट जॉन अँब्युलन्स आणि रेडक्रॉस यांचे वर्ग असतात, नागरी संरक्षण दलही मुंबईत शिकवतं. आई-बाबांकडून चौकशी करवून घ्या. हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाच्या छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. हे इथे वाचून येणार नाही. पुतळ्यावर करून पाहाल तेव्हा कळेल, दोन मिनिटांत हात भरून येतात. घरोघरी चालणाऱ्या काही चुकीच्या गोष्टीही तिथे सुटतील. भाजल्यावर टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूप नाही. वाहत्या साध्या पाण्याखाली चांगली वीस मिनिटं धरायचं. फिट आलेल्याला कांदा आणि चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही; कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं आणि घड्याळ बघायचं. घोळणा फुटला तर मान मागे नाही, पुढे झुकवायची आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. जुलाब होत असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मोजून, अंदाजे नाही!

मुंबईत याची गरज कुठे पडेल सांगता येत नाही. लोकलच्या मार्गांवर २०२४ साली दोन हजारांहून अधिक माणसं गेली. प्लॅटफॉर्मवर गर्दी जमते, निम्मे लोक मोबाइल काढतात. १०८ नंबर फिरवणारा, गर्दीला मागे सारणारा एकजण लागतो. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चकरा मारायला लावता येत नाहीत, असं मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलंय. हे बाबांनाही सांगा.

आता नको त्या गोष्टींबद्दल थोडं. सुट्टीत मुलांना आठ दिवस पांढरा कोट घालायला देणारी, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून फोटो काढणारी आणि शेवटी चकचकीत प्रमाणपत्र देणारी शिबिरं निघाली आहेत. गंमत म्हणून जायचं तर जा. पण त्या प्रमाणपत्राला नीटच्या प्रवेशात शून्य किंमत आहे, हे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं. आणि ऑपरेशनच्या चित्रफिती बघून ‘मला रक्ताची भीती वाटत नाही’ असं ठरवू नका. चित्रफितीत रक्त दिसतं, पण बाहेर बाकावर बसलेली त्या माणसाची बायको दिसत नाही.

आणि अभ्यास? तो करायचाच की! अगदीच हवेत राहू नका. सकाळचे दोन तास पुरे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर अकरावीच्या जीवशास्त्राचं एनसीईआरटीचं पुस्तक हाताशी घेऊन इंग्रजी शब्दांशी मैत्री करावी. पेशी म्हणजे सेल, ऊती म्हणजे टिश्यू, हे येतं. पण केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक यांची इंग्रजी नावं पहिल्या दिवशी वर्गात भराभर येऊन आदळली की भलीभली मुलं गप्प होतात. रोज पाच शब्द केले तरी साठ दिवसांत तीनशे होतात. भौतिकशास्त्रासाठी गणित सोडू नका. ‘मला बायो घ्यायचंय, गणिताची कटकट सुटली’ म्हणणारे पुढे भौतिकशास्त्राच्या ४५ प्रश्नांपाशी रडतात.

अकरावीनंतरची दुसरी सुट्टी नावालाच असते. बारावीचा भाग सुरू झालेला असतो, अकरावीचं राहिलेलं मागे लागलेलं असतं. तेव्हा कुठल्याही दवाखान्यात जाऊन बसा, असं मी सांगणार नाही. रविवारचा अर्धा दिवस मोकळा ठेवा आणि रात्री सात तास झोपा, एवढं जमलं तरी खूप. फार तर एक करा. मे महिन्यात मुंबईत रक्ताचा तुटवडा पडतो, कारण कॉलेजं बंद आणि निम्मी मुंबई गावाला. थॅलेसेमिया झालेल्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना कसली सुट्टी! तुमच्या सोसायटीतल्या किंवा मंडळातल्या दादा-काकांच्या मागे लागून एका रविवारी रक्तदान शिबिर भरवा. १८ वर्षांच्या आत तुम्हाला रक्त देता येणार नाही, पण नावं लिहून घेणं, आलेल्यांना धीर देणं आणि नंतर चहा-बिस्किटं देणं ही कामं तुमचीच. सुई टोचण्याआधी धिप्पाड काकांचा चेहरा कसा होतो, ते बघण्यासारखं असतं!

आता आई-बाबा, जरा तुमच्याशी. पहिल्या सुट्टीतले तीन आठवडे मुलाला द्या. क्लासची फी भरलीय हे मान्य, ब्रिज कोर्स बुडेल हेही मान्य. तीन आठवड्यांचा भाग पोरं भरून काढतात. आणि ती दवाखान्यातून येऊन म्हणाली, ‘मला नाही हे आवडत,’ तर घाबरू नका. आत्ता कळलं, पैसे आणि दोन वर्षं वाचली. हेच दुसऱ्यांदा नीट दिल्यावर, घरी बसलेल्या वर्षात कळलं, तर ते बोलायची मुलाची छातीच होत नाही. त्याआधी सगळ्या नातेवाइकांना ‘आमचा मेडिकलला जाणार’ असं सांगून झालेलं असेल, तर मुळीच नाही. नाहीच आवडलं, तरी विज्ञानाची दारं बंद होत नाहीत. परिचारिका, फार्मसी, फिजिओथेरपी, प्रयोगशाळा, संशोधन, कितीतरी वाटा आहेत, आणि इस्पितळ चालतं ते या सगळ्यांच्या जिवावर.

तिसरी सुट्टी सगळ्यात अवघड. बारावीची परीक्षा होते, मेच्या सुरुवातीला नीट होते आणि मग काहीच नसतं. निकाल यायचाय, यादी लागायचीय. दोन वर्षं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक असलेलं पोर सकाळी उठून भिंतीकडे बघत बसतं. उत्तरपत्रिकेची सूची आली की गुण मोजायचे, पुन्हा मोजायचे, शेजारचा किती म्हणतोय ते ऐकायचं. या दिवसांत घरात गुणांवर बोलण्याची वेळ ठरवून घ्या. संध्याकाळी अर्धा तास, बाकी वेळ तो विषय बंद. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, मन कुठेच लागत नसेल, तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो, मुलांनीही करावा आणि आई-बाबांनीही.

आणि मित्रांनो, तोवर तुम्हाला अठरा पूर्ण झाली असतील, वजन ४५ किलोच्या वर असेल आणि तब्येत ठणठणीत असेल, तर त्या रिकाम्या दिवसांतली एक सकाळ काढा आणि जवळच्या रक्तपेढीत जा. पोटभर नाश्ता करून जायचं. आधी हिमोग्लोबिन बघतील, रक्तदाब मोजतील, चार प्रश्न विचारतील. प्रत्यक्ष रक्त जायला दहा मिनिटंही लागत नाहीत. या वेळी खाटेवर तुम्ही असाल आणि चहा-बिस्किटं दुसरं कुणीतरी आणून देईल.